शून्याखालची गाडी

महाराष्ट्रातल्या मोटारीला खरी थंडी ठाऊक नसते. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले, की त्याची वर्तमानपत्रात बातमी होते. गाडीला मात्र सकाळी एखादा सेल्फ जास्त मारावा लागतो, एवढेच. साहजिकच इथल्या गाडीतले तेल, रेडिएटरमधले पाणी, टाकीतले डिझेल आणि चाकांवरचे रबर हे सगळे उष्ण हवेच्या हिशेबाने आलेले असते. हीच गाडी जानेवारीत मनाली, काझा किंवा गुलमर्गच्या रस्त्याला लागते, तेव्हा तिच्यात बिघाड नसतानाही ती अडते. अडण्याची बहुतेक कारणे पुण्या-मुंबईत निघण्याआधीच दूर करता येण्याजोगी असतात.

पूर्वी हा प्रश्न फार थोड्यांचा होता. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली, की पलीकडचे लाहौल खोरे वर्षातले जवळपास सहा महिने तुटलेले असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खिंडीखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि ऐन हिवाळ्यात सपाटीवरच्या गाड्या तीन हजार मीटरच्या वर सहज पोहोचू लागल्या. त्यांत एमएच पाटीच्या गाड्याही असतात. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर बर्फ पडला, तेव्हा सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो गाड्या तासन्‌तास अडकल्या. उतारावर आपसूक घसरत जाणाऱ्या गाड्यांची चित्रणे त्या दिवसांत देशभर पाहिली गेली. रस्ता सोपा झाला तरी हवा होती तशीच आहे.

थंडीचा पहिला फटका बॅटरीला बसतो. शिसे-आम्ल बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. शून्य अंशाला तिची ताकद पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाने घटते आणि उणे १८ अंशांना जवळपास निम्म्यावर येते. नेमके त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झालेले असल्याने सेल्फला जास्त जोर लावावा लागतो. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. यातली एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. बॅटरीचे आयुष्य खरे तर उन्हाळ्यात संपत असते, कारण उष्णतेने तिच्या आतल्या पट्ट्या लवकर झिजतात. विदर्भ-मराठवाड्यातले तीन उन्हाळे काढलेली बॅटरी घरी बिनतक्रार चालते आणि हिमाचलात पहिल्याच पहाटे मान टाकते. दोष थंडीच्या माथी येतो, पण थंडीने फक्त आधीचा दोष उघडा पाडलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये लोड टेस्ट करून घ्यावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण चार्ज आहे, १२.४ च्या खाली असेल तर विचार करावा. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी साफ करणे हे पाच मिनिटांचे काम, पण पहाटे गाडी सुरू होते की नाही हे कधी कधी त्यावरच ठरते. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल पातळ झालेले असल्याने ती उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला जंपर केबल लावणे धोक्याचे असते, ती फुटू शकते.

इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधी जो आकडा असतो, तो थंडीसाठीचा. ५डब्ल्यू-३० मधला ५ हा आकडा म्हणजे अंश नव्हेत; ती एक प्रत आहे. ०डब्ल्यू तेल उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यू उणे ३० ला, १५डब्ल्यू उणे २० ला आणि २०डब्ल्यू उणे १५ ला इंजिन फिरू देण्याइतके पातळ आहे का, याची कसोटी घेऊन ही प्रत ठरते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू तेलच असते, तेव्हा त्यांना काही करावे लागत नाही. जुन्या गाड्यांत १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असते. मनालीपर्यंत ते निभावून जाईल. जानेवारीत काझाला पारा उणे वीसच्या खाली जातो, तिथे निभावणार नाही. गाडीच्या पुस्तिकेत तापमानानुसार तेलाचा तक्ता दिलेला असतो. तो पाहून, सर्व्हिसिंगची तारीख जवळ आलीच असेल तर तेल आधी बदलून निघावे.

कूलंटच्या बाबतीत आपल्याकडे निष्काळजीपणा जास्त. नाव थंड करण्याचे असले तरी त्याचे दुसरे काम न गोठण्याचे आहे, आणि त्या कामाशी महाराष्ट्रात कधी संबंध येत नाही. त्यामुळे पातळी कमी दिसली की पेट्रोल पंपावरचे, नाही तर बाटलीतले साधे पाणी ओतले जाते. दोन-तीन वर्षांत रेडिएटरमध्ये हिरव्या रंगाची आठवण तेवढी उरते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि हे फुगणे इंजिनाच्या बंद पोकळ्यांत झाले तर रेडिएटर फाटतो, इंजिनाच्या ओतीव ब्लॉकलाही चीर जाते. या साऱ्या तयारीत एकाच रात्रीत इंजिन कायमचे निकामी करू शकणारी चूक हीच. डिस्टिल्ड वॉटर आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही; ग्लायकॉल एक तृतीयांश असेल तर संरक्षण उणे १७-१८ पर्यंतच मिळते. जास्त घातले तर जास्त चांगले, असेही नाही. नुसते ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, म्हणून निम्म्याहून थोडे अधिक प्रमाण झाले की पुढे फायदा उलटा फिरतो. बाजारात काही कूलंट तयार मिसळलेले मिळतात आणि काही घट्ट अर्काच्या रूपात. डब्यावर पाहिल्याशिवाय त्यात पाणी घालू नये. मिश्रणाची ताकद मोजण्याचे साधे उपकरण बऱ्याच गॅरेजमध्ये असते. शंका असेल तर जुने सगळे काढून नवे भरणे उत्तम.

डिझेल गाडीवाल्यांनी सर्वांत जास्त विचार टाकीतल्या इंधनाचा करावा. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो. थंडीत घरातल्या बाटलीतले खोबरेल तेल जसे आधी गढूळ होते आणि मग थिजते, तसेच डिझेलचे होते. आधी मेणाचे बारीक कण सुटतात, ते फिल्टरच्या जाळीत अडकतात, आणि इंजिन सुरू होऊन दोन-चार मिनिटांत गुदमरून बंद पडते. टाकी भरलेली, बॅटरी शाबूत, तरी गाडी चालत नाही. भारतीय मानकात डिझेलच्या हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन मर्यादा आहेत. डिझेल ज्या तापमानापर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे, ती मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. हिवाळा म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. प्रत्यक्षात मिळणारे डिझेल याहून चांगले असू शकते, पण मानक एवढीच हमी देते. मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला लाहौलचा बर्फ पाहायला जाणाऱ्यांनी हे कॅलेंडर ध्यानात ठेवावे. तिकडे रात्री पारा शून्याखाली असतो आणि इंधनाच्या हिशेबी उन्हाळा लागलेला असतो.

लडाखमध्ये हा प्रश्न इतका मोठा होता, की नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे आणले. ते पानिपतच्या रिफायनरीत तयार होते. इतर ठिकाणी उपाय साधा आहे. सपाटीवर भरलेले डिझेल वाटेत संपवत जायचे आणि थंड भागातल्या पंपावर टाकी भरायची. डिझेल थिजू न देणारे द्रव बाटलीत मिळते. ते डिझेल पातळ असतानाच टाकीत घालावे लागते. मेण धरल्यावर ओतून उपयोग होत नाही. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी निघण्याआधी काढून टाकावे, नाही तर तेही गोठते. डोंगरातले जुने चालक डिझेलमध्ये रॉकेल मिसळतात, काही जण तर पहाटे टाकीखाली स्टोव्ह पेटवतात. रॉकेल मिसळणे बेकायदा आहेच, शिवाय आजच्या इंजिनांतले उच्च दाबाचे पंप डिझेलच्याच वंगणावर चालतात, त्यांना रॉकेल मारक ठरते. स्टोव्हबद्दल काही सांगायची गरज नसावी. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी काहींत युरियाचे द्रावणही भरावे लागते. ते उणे ११ अंशांना गोठते, पण त्याच्या टाकीला तापवण्याची सोय असल्याने सहसा अडचण येत नाही. सकाळी किल्ली अर्धी फिरवून ग्लो प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचे आणि मगच सेल्फ मारायचा, ही सवय मात्र हवी.

पेट्रोल गाड्यांना इंधनाचे हे प्रश्न येत नाहीत. सीएनजी गाड्या थंड इंजिनाला बहुधा पेट्रोलवरच सुरू होतात आणि वर डोंगरात सीएनजी पंप सहसा मिळत नाहीत, तेव्हा त्यांनी पेट्रोल गाडीसारखीच तयारी करावी. विजेच्या गाड्यांची धाव कडक थंडीत वीस-तीस टक्क्यांनी, कधी त्याहून जास्त घटते, कारण बॅटरी थंडावते आणि केबिन उबदार ठेवायलाही तिचीच वीज लागते. त्यामुळे त्या बर्फात निरुपयोगी ठरतात असे मात्र नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास नव्वद टक्के विजेच्या होत्या. तिकडे जागोजागी चार्जर आहेत, लाहौल-स्पितीत ते तसे नाहीत. फरक तेवढाच, पण तो निर्णायक आहे.

आता टायर. सात अंशांच्या खाली साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खाचांत रुतेनासे होते. हिवाळी टायरचे रबर वेगळ्या मिश्रणाचे, थंडीतही मऊ राहणारे असते, त्यावर बर्फ धरून ठेवणाऱ्या असंख्य बारीक चिरा असतात. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह त्याच्या कडेवर असते. जर्मनीत २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर हे हिमकणाचे चिन्हच लागते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च ही सक्ती असते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना वर्षातून दोनदा टायर बदलणे आता घरकामासारखे अंगवळणी पडले आहे. भारतात असे टायर दुकानात सहसा मिळत नाहीत. एसयूव्हीच्या टायरवर ‘एम प्लस एस’ लिहिलेले असते, त्यावर भिस्त ठेवू नये. ती खूण नक्षीच्या आकाराची आहे, रबराची कसोटी घेतल्याची नव्हे. नक्षीची खोली कायद्याने १.६ मिलिमीटर पुरते, बर्फासाठी मात्र चार मिलिमीटर तरी हवी. गोटा झालेले टायर घेऊन हिमालयात जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

हवेच्या दाबाबद्दल एक गंमत आहे. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधली हवा साधारण एक पीएसआय कमी होते. मुंबईत तीस अंशांत ३२ पीएसआय भरून निघालेली गाडी अमृतसरच्या धुक्यात, पाच अंशांत, २८-२९ दाखवते. त्याहून थंड अशा, अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला आकडा आणखी खाली जायला हवा, पण तिथे गेज ३१ च्या आसपास असते. कारण गेज टायरमधल्या आणि बाहेरच्या हवेतला फरक मोजते, आणि तीन हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साडेचार पीएसआयने कमी असतो. थंडीने नेलेले उंची परत देते. म्हणजे पहाडापेक्षा पंजाब-हरियाणाच्या सपाटीवर, जिथे वेग जास्त असतो, तिथे हवा तपासणे अधिक गरजेचे आहे. तपासणी सकाळी, चाके गार असताना करावी.

एवढे सगळे केले तरी ते गाडी सुरू होण्यापुरते आणि चालण्यापुरते आहे. बर्फात खरा प्रश्न थांबण्याचा असतो. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक दाबल्यावर आठ-नऊ मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला तीस मीटर लागतात आणि चकचकीत गोठलेल्या थरावर साठ. हे सपाट रस्त्याचे आकडे आहेत. गोठलेल्या थरावर घर्षण इतके कमी असते, की दहा मीटरला एक मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर गाडीचे वजनच तिला खाली ओढायला पुरते. तिथे ब्रेक कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही, आणि उभी केलेली गाडीही चालू लागते. सोलंगच्या उतारावरच्या गाड्यांचे नेमके तेच झाले होते. चारही चाकांना जोर देणारी गाडी चढ चढायला आणि रुतलेली निघायला उपयोगी पडते. थांबताना ती इतर गाड्यांइतकीच असहाय असते, कारण ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. फोर बाय फोर घेतली म्हणून निर्धास्त झालेला चालक हा बर्फातला सर्वांत धोकादायक चालक म्हणावा लागेल.

थांबण्याची ताकद वाढवणारे एकच साधन आपल्याकडे सहज मिळते, ते म्हणजे चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या. बर्फ पडल्यावर मनालीच्या पुढे पोलीस अनेकदा फक्त फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. टायरवर लिहिलेल्या मापाची, उदाहरणार्थ १९५/६५ आर १५, साखळी घ्यावी आणि चाक व मडगार्ड यांच्यात तिला जागा आहे का, ते पुस्तिकेत पाहावे. साखळी इंजिनाचा जोर जाणाऱ्या चाकांना लावतात. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाके असतात. उतारावर मात्र पुढची चाके धरतात आणि मागची सुटी राहतात, त्यामुळे गाडीचा मागचा भाग वळून पुढे येऊ पाहतो. जमल्यास चारही चाकांना साखळी बरी. वेग तीस-चाळीसच्या वर नेऊ नये, आणि उघडे डांबर लागताच साखळी काढावी, नाही तर ती तुटून मडगार्ड फाडते. साखळी लावण्याचा सराव घरच्या पार्किंगमध्ये, हातमोजे घालून करून पाहावा. उणे पाच अंशांत, मागे हॉर्नचा गलका चालू असताना ते प्रथमच शिकणे कठीण जाते.

डोंगराआधी धुके लागते. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, हरियाणा, पंजाबच्या महामार्गांवर पहाटे पन्नास मीटरपलीकडचे दिसत नाही; यमुना एक्सप्रेसवेवर हिवाळ्यात मोटारींची वेगमर्यादा त्यासाठीच ताशी १०० किलोमीटरवरून खाली आणतात. धुक्यात अप्पर लावला की प्रकाश धुक्यावर आपटून चालकाच्याच डोळ्यांत येतो. डिप्पर आणि फॉग लाइट हीच योग्य जोडी. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवण्याची पद्धत वाईट आहे, त्याने मागच्याला गाडी उभी आहे की वळते आहे हे कळत नाही. काच आतून धुरकटली, तर हीटरबरोबर एसीही लावावा आणि हवा बाहेरून घ्यावी. हिवाळ्यात एसी कशाला, असे वाटते खरे; पण हवेतला दमटपणा तोच काढतो. वायपरची रबरे नवी असावीत. काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी असेल तर ते गोठून पंप फुटतो, त्याजागी न गोठणारे द्रव भरावे. काचेवर जमलेले दहिवर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. त्यावर गरम पाणी ओतले, की काच तडकते.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओली केबल किंवा ब्रेकचे पॅड गोठून चिकटतात आणि सकाळी चाक फिरत नाही. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये टाकून, चाकांना दगड लावून उभी करावी. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. तोंड शक्यतो पूर्वेला असावे, म्हणजे सकाळचे ऊन काचेवर आणि बॉनेटवर येते.

गाडीत ठेवायचे सामानही थोडे आहे: फावडे, टोचन करायला मजबूत दोर, जंपर केबल, विजेरी, चाकाखाली टाकायला पिशवीभर वाळू, कोरडे खाणे, पाणी आणि माणशी एक जाड ब्लँकेट. यातले ब्लँकेट सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याचे कारण भीषण आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हजारो गाड्या हिमवर्षावात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे गाडीतच मेली. त्यांतले अनेक जण हीटरसाठी इंजिन चालू ठेवून बसले होते. बर्फाने सायलेन्सरचे तोंड झाकले, की कार्बन मोनॉक्साइड गाडीखाली साचून आत शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि त्याने झोप येते. अडकलेच तर आधी फावड्याने सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन तासातून दहा मिनिटेच चालवावे, तेवढा वेळ वाऱ्याच्या उलट बाजूची काच दोन बोटे उघडी ठेवावी आणि बाकी वेळ ब्लँकेटवर काढावा. गाडी सोडून चालत निघू नये.

परतताना कामे थोडीच उरतात. खालून चिखल आणि रस्त्यावर टाकलेली खडी-मीठ धुऊन काढावी, साखळी वाळवून तेलाचा हात फिरवून ठेवावी. पंजाबच्या थंडीत ३३ पीएसआय भरलेले टायर राजस्थान-गुजरातच्या उन्हात ३६-३७ पर्यंत फुगतात, तेव्हा वाटेत हवा पुन्हा पाहावी. कूलंट आणि पातळ तेल मात्र तसेच राहू द्यावे. ते नागपूरच्या मे महिन्यातही चालते, फक्त पुढच्या वेळी पातळी कमी दिसली तर त्यात नळाचे पाणी ओतू नये.